धक्क्यावरचे दिवस

तुम्ही एस.टी.च्या थांब्यावर उभे राहिला असाल. गाडी येते. दार उघडते. आपण पाय उचलतो आणि आत चढतो. गाडी उभी असते, जमीनही उभी असते. त्यात विचार करण्यासारखे काही नाही.

पण समजा, गाडी जागच्या जागी वरखाली होते आहे. आपण ज्यावर उभे आहोत, तेही वरखाली होते आहे. दोहोंच्या मध्ये हातभर फट आहे आणि फटीत खोल पाणी आहे. काखेत मूल आहे, हातात गाठोडे आहे. आता पाय केव्हा उचलायचा?

आम्ही मालवणच्या बंदरावर कामाला होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक उतारूला हा प्रश्न सोडवून देणे, हेच आमचे काम होते. १९६० नंतरची ती वर्षे. मुंबईहून कोकणात यायचे, तर तेव्हा पुष्कळ लोक आगबोटीने येत. आज त्या बोटी नाहीत आणि ते कामही नाही. ते काम कसे चाले, हे आता थोड्याच लोकांना ठाऊक आहे. म्हणून ते इथे सांगत आहोत.

आधी धक्का म्हणजे काय, ते बघू. घाटावरच्या माणसाला धक्का म्हटले की ढकलाढकली आठवते. बोटीच्या वेळी तीही भरपूर होई म्हणा! पण बंदरातला धक्का निराळा. किनाऱ्यापासून पाण्यात पुढे नेलेला पक्का बांध म्हणजे धक्का. नदीला जसा घाट, तसा समुद्राला धक्का. त्याच्या कडेला पायऱ्या असतात. इतक्या पायऱ्या कशाला? तर समुद्राचे पाणी एका ठिकाणी राहत नाही. सकाळी वरच्या पायरीला लागलेले पाणी दुपारी पार तळाला जाते. पाण्याबरोबर होडीही खाली जाते. पाणी कुठेही असो, उतारूला कुठल्या तरी एका पायरीवर पाय टेकता आला पाहिजे.

मुंबईला भाऊचा धक्का आहे. भाऊ अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी तो एकोणिसाव्या शतकात बांधला, म्हणून तो भाऊचा. कोकणातल्या बोटी तिथून सुटत. तिथे बोट धक्क्याला लागे आणि माणसे फळीवरून चालत आत जात. आमच्या मालवणला तसे नव्हते. मालवणच्या समुद्रात खडक फार. काही वर दिसतात, काही पाण्याखाली दडलेले असतात. समोरच सिंधुदुर्ग किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले. शत्रूचे मोठे जहाज या खडकांतून सहज आत येऊ शकत नाही, हा त्या जागेचा मोठा गुण. पण जे शत्रूच्या जहाजाला, तेच आमच्या आगबोटीला! तिलाही आत येता येत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि भोंगा वाजवी. मग आम्ही पडाव घेऊन तिच्याकडे जायचे. जाणारी माणसे तिच्यावर चढवायची, येणारी उतरवून घ्यायची आणि धक्क्यावर आणायची.

पडाव म्हणजे रुंद पोटाची, वरून उघडी अशी मोठी होडी. तिच्यात चाळीस-पन्नास माणसे सामानासकट बसत. लांब वल्ह्यांनी ती मारत न्यायची. पडावाचा जो मुख्य, तो तांडेल. त्याच्या हातात सुकाणू. बाकीचे आम्ही खलाशी. तांडेलाचा शब्द पडावावर शेवटचा. उतारू कितीही मोठा असो, पडावात पाय ठेवला की तो तांडेलाच्या हुकमात.

आमच्या तांडेलाला अक्षर येत नव्हते. पण भरती केव्हा, ओहोटी केव्हा, हे तो घड्याळाकडे न बघता सांगे. आम्हाला ती जादू वाटे. एकदा त्याने आम्हाला हिशोब शिकवला. तो इतका सोपा आहे, की तुम्हीही करू शकाल. पंचांगात किंवा दिनदर्शिकेत आजची तिथी बघा. तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता भरती पुरी होते. आज अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहा वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी आहे. चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती. पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन असे मोजायचे. अमावास्येचे मात्र पौर्णिमेसारखेच पंधरा धरायचे.

पाऊणपटच का? तर भरती आणि ओहोटी मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो. म्हणून भरतीही रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते. दिवसाला एक तिथी, आणि तिथीला पाऊण तास. दिवसातून भरती दोनदा येते. दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांना थोडे कमी इतके अंतर असते. त्यामुळे पहाटे सहाला भरती असेल, तर संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला पुन्हा भरती. मध्ये दुपारी बाराच्या पुढेमागे ओहोटी. हा हिशोब अंदाजाचा आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि बंदराबंदरात फरक पडतो. मुंबईला भरती आमच्यापेक्षा थोडी उशिरा येते. पण पडावाच्या कामाला एवढा अंदाज पुरे होता.

पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती मोठी असते. तिला उधाण म्हणतात. उधाणाला पाणी जितके वर चढते, तितकेच ओहोटीला खाली उतरते. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्याला भांग म्हणतात. आता अडचण कोणती, ती बघा. आगबोट काही तिथी बघून येत नसे. ती कंपनीच्या वेळापत्रकाने येई. बोटीची वेळ आणि उधाणाची ओहोटी एकदम आली, की आमची कंबर मोडे. पाणी धक्क्यापासून दूर जाई. पडाव अलीकडेच जमिनीला टेके. मग उतारूंना गुडघाभर पाण्यातून यावे लागे. बायका लुगडी वर खोचून, चपला हातात घेऊन निमूट चालत येत. पुरुषांचे नखरे जास्त. विशेषतः बूट घातलेल्यांचे. त्यांना आम्ही खांद्यावर बसवून आणत असू. एक वजनदार साहेब असे खांद्यावर बसले असता अर्ध्या वाटेत मजुरीची घासाघीस करू लागले. आमच्या जोडीदाराने काही उत्तर दिले नाही. तो फक्त चालायचा थांबला. साहेबांनी खाली पाण्याकडे बघितले आणि कबूल केलेले पैसे देतो म्हणाले.

बोट आली की किनाऱ्यावर एकच हाक उठे, "बोट इली रे!" पोरे धावत. चहाच्या दुकानातली माणसे अर्धा पेला टाकून उठत. रात्रीची बोट असेल तर धक्क्यावर गॅसबत्त्या पेटत. दूर काळोखात बोटीचे दिवे दिसत, जणू समुद्रात एखादी जत्रा भरली आहे. आम्ही वल्ही घेऊन निघत असू. खडकांमधून जायची वाट एकच. दिवसा ती डोळ्यांनी दिसे. रात्री ती तांडेलाच्या डोक्यात असे. किल्ल्याचा तट कुठल्या हाताला आला, लाटेचा आवाज कुठून येतो, यावरून तो सुकाणू वळवी. आम्ही बोलू लागलो तर रागावे. त्याला कानांनी बघायचे असे.

आता त्या फटीकडे येऊ.

पडाव बोटीजवळ गेला, की तांडेल तो बोटीच्या आडोशाला घाली. म्हणजे ज्या अंगाने वारा येतो, त्याच्या उलट्या अंगाला. बोट वाऱ्याला आडवी आली, की तिच्या पलीकडे पाणी जरा शांत असते. घराच्या भिंतीमागे वारा लागत नाही, तसेच ते. बोटीच्या अंगातून एक शिडी खाली सोडलेली असे. पडाव दोराने तिच्याजवळ धरायचा. पण धरला तरी तो स्वस्थ राहत नाही. लाट आली की हातभर, दोन हात वर जातो. लाट गेली की तितकाच खाली येतो. आगबोट मोठी, ती फारशी हलत नाही. म्हणजे शिडी एका जागी, आणि आपण झोपाळ्यावर.

नवा माणूस काय करतो? पडाव खाली गेलेला असतो, शिडी वर दिसते. तो घाबरतो आणि घाईने पाय टाकतो. इथेच चुकते. त्याचा पाय शिडीच्या खालच्या पायरीवर पडतो आणि मागून पडाव वर येतो. चाळीस माणसांचा भार घेऊन वर येणारा तो लाकडी काठ आणि शिडी यांच्यामध्ये पाय सापडला, तर हाड राहत नाही.

म्हणून पाय टाकायचा तो पडाव अगदी वर आलेला असताना. झोपाळा वर गेला की परत फिरण्याआधी क्षणभर थांबतो, हे तुम्ही बघितले असेल. लाटेवरचा पडावही तसाच क्षणभर थांबतो. तो क्षण आपला. त्या क्षणी काठ आणि शिडीची पायरी जवळजवळ एका पातळीला असतात. पाय टाकला की पडाव आपोआप खाली जातो, पायापासून दूर जातो. शिडीवरून पडावात उतरतानाही हाच नियम. पडाव वर आला, थांबला, की पाय.

हे शब्दांत सांगायला इतका वेळ लागतो. तिथे एवढे सांगायला कोणाला सवड? म्हणून काठावर दोन माणसे उभी करत. ती उतारूचे दोन्ही दंड धरत. त्यांतला एक लाट बघे आणि म्हणे, "आता!" उतारूने लाट बघायची नाही. पाण्याकडे बघायचे नाही. फक्त तो शब्द ऐकायचा आणि पाय टाकायचा. हातात काही धरायचे नाही. गाठोडी मागून येत. मूल आधी वर जाई. आईच्या काखेतून मूल काढून वरच्या खलाशाच्या हातात दिले, की ती आई नियम न सांगता बरोबर वेळेला शिडी चढे.

"आता" म्हणायची जागा आम्हाला दुसऱ्या वर्षी मिळाली. आम्हाला त्याचा फार ताठा होता.

मे महिना संपत आला होता. बंदर बंद व्हायला थोडे दिवस उरले होते. पावसाआधी वारा फिरतो, समुद्राला फुगवटी येते, तसे ते दिवस. मुंबईला परतणाऱ्यांची गर्दी उसळली होती. पडावात एक म्हातारी होती. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत. सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून ती निघाली होती. जन्मात कधी बोटीत बसली नव्हती. तिचा दंड आम्ही धरला. ती आमच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तू सांगशीत तेव्हाच पाय टाकतलंय."

तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. मागची माणसे रेटू लागली. कोणी ओरडले, "सोडून जातली रे बोट!" आणि आम्ही लाट न बघता बोललो, "आता!"

तिने पाय टाकला. आमच्या शब्दावर टाकला. पडाव अजून वर चढत होता. तिचा पाय पायरीवरून सटकला आणि ती फटीत गेली. कमरेपर्यंत पाण्यात. दोन्ही दंड आमच्या हातात होते, तेवढेच. पडाव बोटीकडे येत होता. तांडेलाने सुकाणू सोडले. तो उडी मारून काठावर आला. बोटीच्या अंगाला दोन्ही पाय लावले आणि पाठ पडावाला देऊन त्याने पडाव थोपवून धरला. किती वेळ, ते सांगता येणार नाही. लाट खाली गेली आणि आम्ही तिला ओढून आत घेतले. पोटरी सोलली होती. हाड शाबूत होते.

तिने पायाकडे बघितले नाही. "माझा गाठोडा खंय?" म्हणून विचारले. गाठोडे मागच्या माणसाच्या हातून पाण्यात पडले होते. त्यात कुळथाची पिठी होती, सोले होती, आणि बाळंतिणीसाठी केलेले डिंकाचे लाडू होते. ते गेले. ओल्या लुगड्यानेच ती बोटीवर गेली. या वेळी शब्द तांडेलाने दिला.

परत येताना तांडेल एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आमच्या हातात डबा दिला. पडावाच्या तळाला साचलेले पाणी उपसायचा डबा. बंदर बंद होईपर्यंत आम्ही पाणी उपसले. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

बंदर बंद होते म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. जूनच्या आरंभी पाऊस येतो आणि समुद्र खवळतो. तेव्हापासून ऑगस्टच्या अखेरीपर्यंत आमच्या किनाऱ्यावर बोटी येत नसत. पडाव ओढून वर घेत. ओढताना "हैसा" म्हणायला सारे गाव येई. वरून झापांचे छप्पर करत. झाप म्हणजे नारळाच्या पातीचे विणलेले पान. मग पावसाळाभर फळ्यांच्या फटी कापसाने बुजवणे, तेल पाजणे, दोर वळणे, अशी कामे चालत. श्रावणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देत. त्यानंतर समुद्र निवळू लागे.

बंद बंदरात बोट का नको, हे समजायला एकच नाव पुरे होते. रामदास. १७ जुलै १९४७ रोजी रामदास नावाची बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. रेवस काही लांब नाही. पण भर पावसाळा होता. वादळी वाऱ्यात आणि मोठ्या लाटांत सापडून ती वाटेतच कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आम्ही कामाला लागलो तेव्हा या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षे झाली होती. तरी तांडेल पडावातली डोकी मोजल्याशिवाय दोर सोडत नसे. त्याला पन्नासाच्या पुढे आकडे लिहिता येत नव्हते, पण मोजता येत होते. एकावन्नावा माणूस कोणाचाही पाहुणा असो, तो धक्क्यावर राही. पुष्कळ वेळा त्यावरून भांडणे झाली. तांडेल म्हणे, "माका रामदास ठावक आसा." मग भांडणारा गप्प बसे.

वाऱ्याची सूचना द्यायला बंदरावर बावटा लावत. अजूनही लावतात. बावट्याला नंबर असतात. वर्तमानपत्रात तुम्ही वाचाल, की अमक्या बंदरात तीन नंबरचा बावटा लावला. याचा अर्थ, बंदरात सोसाट्याचा वारा सुटण्याचा संभव आहे, सावध राहा. नंबर जितका मोठा, तितका धोका मोठा. बावटा दिसला की छोट्या होडीनेसुद्धा बाहेर जाऊ नये.

त्या साली गणपती उशिरा आले. बोटी सुरू झाल्या होत्या. चतुर्थीला मुंबईची माणसे गावी येतात, ती आमच्या बंदरावरची खरी दिवाळी. बोटीवर माणसांना उभे राहायला जागा नसे. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, नव्या छत्र्या, पोरांसाठी पिपाण्या. गिरणीत रात्रपाळी करून पिवळी पडलेली तोंडे, पण हसणारी. बोट लागून हैराण झालेली माणसेही असत. आमच्याकडे बोट बंदराला लागते आणि माणसालाही लागते. माणसाला लागली म्हणजे डोके फिरते, ओकाऱ्या होतात. लिंबू चोखायचे आणि डोळे मिटून पडायचे, एवढाच त्यावर उपाय. पण धक्का दिसला, की अशी माणसेसुद्धा उठून बसत आणि आपले कोण घ्यायला आले आहे ते शोधू लागत.

त्या गर्दीत शिडीवर ती म्हातारी उभी होती. काखेत तीन महिन्यांची नात. आम्ही पडावाच्या तळाला, हातात डबा. काठावर दुसरा खलाशी होता. त्याने हात पुढे केला. ती हलेना. "तो खंय गेलो? त्या दिसाचो तो झील?" मग तिने आम्हाला ओळखले. "तेकाच बोलवा. तेका आता ठावक झाला आसतला."

तांडेलाने आमच्याकडे बघितले आणि मानेने खूण केली. आम्ही डबा ठेवून वर गेलो. नात आधी घेतली. मग म्हातारीचे दंड धरले. एक लाट जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली. मागून ओरडा चालला होता. तिसरी लाट आली, पडाव वर चढला, थांबला. "आता!"

पडावात बसल्यावर तिने ट्रंकेतून कागदाची पुडी काढली. तीत मुंबईची मिठाई होती. पोटरीवरचा व्रण दाखवून ती शेजारणीला म्हणाली, "ह्यो ह्याचो." आणि त्याच हाताने तिने आम्हाला बर्फी दिली.

सामानाचे काही सांगितले नाही, तर आमचे जुने जोडीदार रागावतील. हमालीचे पैसे नगावर मिळत. नग म्हणजे एक डाग, एक वस्तू. मुंबईकडे आंबे जात, नारळ, सुपारी, सोले, काजू, सुकी मासळी जाई. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्यांनी धक्का भरून जाई. पेंढ्यात ठेवलेले आंबे वाटेत पिकत. ओहोटीची सुकी मासळी आणि भरतीचा हापूस, असा आमच्या नाकाचा हिशोब होता. मुंबईकडून धान्य, कापड, साखर, रॉकेलचे डबे येत.

ट्रंकांची मात्र गंमत होई. प्रत्येक ट्रंकेवर मालकाचे नाव आणि गाव रंगाने लिहिलेले असे. आम्हाला वाचता येत नव्हते. आम्ही ट्रंक रंगावरून, कुलुपावरून, पोचा कुठे आला आहे त्यावरून ओळखत असू. एकदा हिरव्या फुलांच्या दोन सारख्या ट्रंका आल्या. एकीत लग्नाची लुगडी, दुसरीत सुताराची हत्यारे. लग्नघरी करवती गेल्या! सुताराची बायको मात्र दोन दिवस शालू बघत बसली होती, असे ऐकले. त्या दिवशी तिकीट देणाऱ्या मास्तरांनी खडू घेतला आणि धक्क्याच्या दगडावर गावांची पहिली अक्षरे काढून दाखवली. कट्ट्याचा क, देवबागचा दे, आचऱ्याचा आ. भरती आली की अक्षरे पुसून जात. ओहोटीला मास्तर पुन्हा काढत. आम्ही पुरते वाचायला पुष्कळ पुढे शिकलो, पण सुरुवात त्या दगडावर झाली.

पुढे रस्ते झाले. एस.टी. १९४८ साली सुरू झाली होती. ती हळूहळू कोकणातल्या गावागावांत पोचली. गाडी घराजवळ सोडते आणि पावसाळ्यातही चालते. मग रात्रभर बोट लागून घ्यायला कोण येणार? बोटी कमी झाल्या. एक दिवस आमच्या बंदरावर यायच्या थांबल्या. कोकण रेल्वे तर २६ जानेवारी १९९८ पासून सगळ्या मार्गावर सुरू झाली. माणसांची सोय झाली, यात शंका नाही. त्या म्हातारीला पुन्हा फटीवरून न्यावे, असे आम्हालाही वाटत नाही. पण बारा महिने वाहणारा रस्ता आला आणि बोटीची वाट बघत गाव एका ठिकाणी जमायचे राहिले. एस.टी.च्या थांब्यावर कोणी "गाडी इली रे!" म्हणून धावत जात नाही. जाणारा आपला एकटा पिशवी घेऊन जातो.

समुद्राची वाहतूक अगदीच संपली, असे मात्र नाही. भाऊच्या धक्क्यावरून २०२० सालापासून मांडव्याला मोठी बोट जाते. तिच्यात माणसे मोटारीसकट बसतात. आणि मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग बघायला येणाऱ्यांच्या होड्या जातात. आता होड्यांना यंत्र आहे. वल्ही मारावी लागत नाहीत. उतारूंना अंगात घालायला तरंगणारे जाकीट देतात. तुम्ही किल्ला बघायला याल, तर ते जाकीट उन्हाचे गरम होते म्हणून काढून ठेवू नका.

किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. चारी बाजूंना खारे समुद्राचे पाणी आणि मध्ये गोडे पाणी! दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. त्या जरूर बघा. आणि होडीत चढता-उतरताना हात मोकळे ठेवा. मोबाईल खिशात घाला. पोराला आधी पुढे द्या. होडी खाली गेलेली असेल, तर मागच्यांनी कितीही रेटले तरी पाय उचलू नका. ती वर येऊन थांबते. तेवढे थांबा.